गोवराचे गणित आणि धर्माची सवलत

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचा दंड एकदा नीट पाहा. खांद्याच्या थोडा खाली, कातडीत दबलेला नाण्याएवढा एखादा वण दिसेल. ती 'देवी काढल्याची' खूण होय. देवीच्या रोगावरची लस टोचली की तेथे फोड येई, तो पिकून खपली पडे आणि वण जन्मभर राही. तुमच्या दंडावर तो नाही, कारण १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले आणि ती लस देण्याचे कारणच उरले नाही.

आता त्या शब्दाकडे जरा लक्ष द्या. रोगाचे नाव देवी! रोग म्हणजे देवीचा कोप असे आपल्या लोकांनी मानले. पुढे लस आली तेव्हा ती टोचण्याच्या क्रियेलाही 'देवी काढणे' हेच नाव त्यांनी दिले. रोग, लस आणि श्रद्धा हे तिन्ही मराठीत एकाच शब्दात राहू लागले. सुरुवातीला आपल्याकडेही लसीला विरोध झाला. पण भाषेने तरी तिला चटकन घरात घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

श्रद्धा आणि लस यांचा संबंध इतका सोपा नसतो. अमेरिकेत या दोहोंचा एक वाद गेली कित्येक दशके न्यायालयांत आणि विधिमंडळांत चालू आहे. तेथे शाळाप्रवेशाचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. गोवर, पोलिओ, घटसर्प वगैरे रोगांच्या लसी घेतल्याचा दाखला असल्याशिवाय मुलाला शाळेत घेत नाहीत. पण बहुतेक राज्यांत एक पळवाट म्हणा किंवा सवलत म्हणा, ठेवलेली आहे. 'लस टोचणे आमच्या धर्मश्रद्धेला मान्य नाही' असे पालकांनी लिहून दिले की त्या मुलाला दाखल्यातून सूट मिळते. ही सूट असावी की नसावी, हा वाद.

हा प्रश्न नागरिकशास्त्राचा आहे असे तुम्हांला वाटेल. तो आहेच. पण तो समजून घ्यायचा तर आधी थोडे गणित करावे लागेल.

शंभर मुलांची शाळा

गोवर हा माणसाला माहीत असलेल्या रोगांपैकी अत्यंत झपाट्याने पसरणारा रोग आहे. त्याचा विषाणू हवेतून पसरतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो तेथील हवेत टिकून राहू शकतो. ज्या समाजात कोणाजवळच गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही, तेथे एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण सोयीसाठी १५ हा आकडा घेऊ.

साथ थांबायची असेल तर एका रोग्याने सरासरी एकापेक्षा कमी माणसांना रोग दिला पाहिजे. म्हणजे ज्या १५ जणांपर्यंत विषाणू पोहोचणार, त्यांपैकी निदान १४ जण आधीच सुरक्षित हवेत. १४ भागिले १५ म्हणजे सुमारे ९३.३ टक्के. समाजातील इतके लोक सुरक्षित असले की उरलेल्यांनाही आपोआप आडोसा मिळतो. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात.

पण लसही शंभर टक्के गुणकारी नसते. गोवराच्या लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९७ जण सुरक्षित होतात. तेव्हा ९३.३ टक्के मुले खरोखर सुरक्षित व्हायची असतील तर लस किती जणांना द्यावी लागेल? ९३.३ ला ०.९७ ने भागा. उत्तर सुमारे ९६ येते.

म्हणजे शंभर मुलांच्या शाळेत लस न घेता चालेल अशा जागा अवघ्या चार!

या चार जागा कोणाच्या? रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले एखादे मूल डोळ्यांपुढे आणा. त्याच्या शरीराची संरक्षणयंत्रणा औषधांमुळे दुबळी झालेली असते. गोवराच्या लसीत क्षीण केलेला पण जिवंत विषाणू असतो, त्यामुळे त्या मुलाला ती देता येत नाही. एखाद्या मुलावर अवयवरोपण झालेले असते, एखाद्याला लसीतील घटकाची गंभीर अ‍ॅलर्जी असते. या मुलांपुढे निवड नाही. वर्गातील बाकीच्यांनी लस घेतली असेल तरच ती निर्धास्तपणे बाकावर बसू शकतात. लस घेऊ शकणाऱ्या पाच-दहा मुलांनी त्याच जागांवर हक्क सांगितला तर काय होईल, हे आता तुम्हीच ठरवू शकाल.

आलेखवहीत करून पाहा

वरच्या हिशोबात एक गोष्ट आपण गृहीत धरली: लस न घेतलेली मुले सगळीकडे सारखी विखुरलेली आहेत. प्रत्यक्षात तसे नसते. यासाठी एक सोपा प्रयोग करा. शिक्षकांना तो फळ्यावरही घेता येईल.

आलेखवहीत १० गुणिले १० असा शंभर घरांचा चौकोन आखा. प्रत्येक घर म्हणजे एक मूल. आता पेन्सिलीने दहा घरे काळी करा. ही लस न घेतलेली मुले. पहिल्या खेपेला कोणतीही दोन काळी घरे बाजूने एकमेकांना लागणार नाहीत अशी ती विखरून टाका. रोग फक्त शेजारच्या चार घरांत (वर, खाली, उजवीकडे, डावीकडे) जातो आणि पांढऱ्या घरात शिरू शकत नाही, असा नियम ठेवा. एका काळ्या घरात रोग सोडा. काय झाले? एकच रोगी. साथ तेथेच संपली.

आता दुसरा चौकोन आखा आणि दहा काळी घरे एकाला एक चिकटून, दोन ओळींत पाच-पाच, अशी भरा. पुन्हा एका घरात रोग सोडा. या वेळी दहाच्या दहा मुले आजारी पडतील.

दोन्ही चौकोनांत लसीकरणाचे प्रमाण नेमके तेच आहे, ९० टक्के. खरा गोवर अर्थात आपल्या चौकोनापेक्षा फार दांडगा असतो, आणि लस घेतलेल्या शंभरातल्या तिघांनाही तो गाठू शकतो. पण मुद्दा लक्षात आला असेल. लस न घेतलेले लोक किती आहेत याबरोबरच ते कोठे, कोणाच्या शेजारी राहतात, यालाही महत्त्व आहे.

आणि धार्मिक सवलतीची सगळी अडचण येथेच आहे. एका श्रद्धेची माणसे एकत्र राहतात, एका प्रार्थनागृहात जमतात, आपली मुले एकाच शाळेत घालतात. सबंध राज्याची सरासरी पाहावी तर उत्तम असते, पण दुसऱ्या चौकोनातला काळा ठिपका त्या सरासरीत दिसत नाही.

काळे ठिपके

१९७२ साली कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच गावी असे घडले. तेथे ख्रिश्चन सायन्स पंथाच्या मुलांची एक निवासी शाळा होती. औषधापेक्षा प्रार्थनेने रोग बरे करावेत अशी या पंथाची श्रद्धा आहे. पोलिओची लस निघून तेव्हा १७ वर्षे झाली होती आणि अमेरिकेत तो रोग जवळपास दिसेनासा झाला होता. या एका शाळेतील ११ विद्यार्थ्यांना पोलिओने पक्षाघात झाला. साथ शाळेबाहेर मात्र पसरली नाही, कारण बाहेरच्या गावाने लस घेतली होती.

त्यानंतरची हकीकत भूगोलाच्या तासाला शोभेल अशी आहे. १९७८ साली नेदरलँड्समध्ये लस नाकारणाऱ्या एका कडव्या प्रॉटेस्टंट समाजात पोलिओची साथ आली आणि ११० जणांना रोग झाला. या मंडळींचे नातलग कॅनडात होते. विषाणू तेथे गेला. कॅनडातून १९७९ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅमिश लोकांत पोहोचला. अ‍ॅमिश म्हणजे मोटारी आणि घरातील वीज टाळून जुन्या पद्धतीने शेती करणारा ख्रिस्ती समाज. प्रयोगशाळेत तिन्ही ठिकाणच्या विषाणूंच्या आनुवंशिक खुणा पडताळून पाहिल्या तेव्हा हा प्रवास उघड झाला. कोट्यवधी लस घेतलेल्या माणसांना वळसा घालून, अटलांटिक महासागर ओलांडून, विषाणूने आपल्यासाठी मोकळी असलेली घरे बरोबर शोधून काढली होती!

फिलाडेल्फिया शहरातली हकीकत याहून दुःखद आहे. १९९० ते १९९१ या काळात तेथे गोवराची मोठी साथ आली. दोन धार्मिक मंडळ्या लसही नाकारत आणि डॉक्टरकडे जाणेही नाकारत. त्यांच्या शाळेतील बहुतेक मुलांना लस नव्हती. शहरात सुमारे १४०० जणांना गोवर झाला आणि नऊ मुले दगावली. ती सगळीच काही त्या मंडळ्यांतील नव्हती. शेवटी न्यायालयाच्या आदेशाने काही मुलांना लस टोचावी लागली.

न्यायालय काय म्हणते?

१९०२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज गावात देवीची साथ आली. गावाने सर्व प्रौढांना लस सक्तीची केली. नाकारणाऱ्याला पाच डॉलर दंड. हेनिंग जेकबसन नावाचे एक पाद्री म्हणाले, लहानपणी लसीने मला फार त्रास झाला होता, मी घेणार नाही आणि दंडही भरणार नाही. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०५ मध्ये निकाल लागला: व्यक्तीचे स्वातंत्र्य मोठे खरे, पण सर्वांच्या सुरक्षिततेसाठी त्यावर वाजवी बंधन घालता येते. जेकबसन पाद्री असले तरी त्यांची हरकत मुख्यतः धर्माची नव्हती, हे ध्यानात ठेवा. १९२२ मध्ये टेक्सासमधील एका शाळकरी मुलीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शाळेतील लससक्तीही मान्य केली.

म्हणजे धर्माच्या नावाने सूट देण्याचे बंधन राज्यांवर नव्हते. ती राज्यांनी आपण होऊन दिली, विशेषतः १९६० नंतर पोलिओ आणि गोवराच्या लसी शाळांत सक्तीच्या झाल्या तेव्हा. पण सूट द्यायची म्हटले की लगेच प्रश्न येतो: कोणाला? पुष्कळ राज्यांनी लिहिले, 'मान्यताप्राप्त धर्मपंथाच्या सभासदांना'. मग मान्यता कोणी द्यायची? सरकारने? ज्याचा पंथ मोठा त्याची श्रद्धा खरी, आणि एकट्याने विचार करणाऱ्याची खोटी?

या एकाच दोषावर दोन राज्यांत दोन अगदी उलटे उपाय झाले. मिसिसिपीत एका वडिलांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलासाठी सूट मागितली. त्यांचा पंथ नियमात बसत नव्हता. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की काही पालकांच्या श्रद्धेसाठी त्यांच्या मुलांना सूट देणे हा इतर सर्व मुलांवर अन्याय आहे, कारण लस न घेतलेल्यांचा धोका त्यांनाच सोसावा लागतो. न्यायालयाने सूटच रद्द केली. वडील सूट मागायला गेले आणि राज्यात कोणालाच ती उरली नाही! पुढे अनेक वर्षे मिसिसिपीतील शिशुवर्गांत लसीकरणाचे प्रमाण देशात सर्वांत वरच्या राज्यांत, ९९ टक्क्यांच्या पुढे असे. उलट न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली एका न्यायालयाने 'मान्यताप्राप्त पंथ' ही अट तेवढी काढून टाकली. त्यामुळे दार बंद होण्याऐवजी रुंद झाले. पंथ कोणताही असो, श्रद्धा प्रामाणिक असली की पुरे. आता प्रामाणिकपणा मोजायचा कशाने? थर्मामीटरने तर मोजता येत नाही.

कारण धर्म, की आणखी काही?

जगातील मोठ्या धर्मांपैकी बहुतेकांनी लसीला मनाई केलेली नाही. एक हरकत मात्र विचार करण्याजोगी आहे, म्हणून ती सांगतो. रुबेला ऊर्फ जर्मन गोवराच्या लसीतील विषाणू ज्या मानवी पेशींवर वाढवतात, त्या पेशींचा वंश १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या एका गर्भापासून सुरू झाला. काही श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना हे टोचते. ही अफवा नव्हे, वस्तुस्थितीच आहे. दुसरी बाजू अशी की १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची साथ आली, तेव्हा सुमारे ११,००० गर्भ वाया गेले आणि सुमारे २०,००० मुले बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष अशी व्यंगे घेऊन जन्मली. तेच थांबवण्यासाठी ही लस आहे. २००५ मध्ये व्हॅटिकनच्या संबंधित अकादमीने या दोन्ही बाजू तोलून सांगितले की पर्यायी लस नसेल तेव्हा ही घेण्यास हरकत नाही. पर्यायी लशीची मागणी मात्र करीत राहावे.

इतका बारकाईने विचार करून सूट मागणारे किती असतील? व्हरमाँट राज्याचे उदाहरण पाहा. तेथे 'तात्त्विक मतभेद' या कारणाने मिळणारी सूट २०१६ मध्ये बंद झाली, धार्मिक सूट तशीच राहिली. शिशुवर्गातील धार्मिक सूट घेणाऱ्या मुलांचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांच्या वर गेले. राज्यातील लोक एकाएकी भाविक झाले असे म्हणावे काय? अर्जावर जो रकाना शिल्लक राहिला, तोच लोकांनी भरला, इतकेच.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. २०१४ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅमिश लोकांत गोवर शिरला. वादळग्रस्तांना मदत करायला फिलिपिन्सला गेलेल्या दोघांबरोबर तो आला होता. ३८३ जणांना रोग झाला. आरोग्यखात्याची माणसे घरोघर गेली, समजावून सांगितले, आणि दहा हजारांहून अधिक लोकांनी लस टोचून घेतली. त्यांच्या धर्माने लस कधी मना केलीच नव्हती. दवाखाना दूर, गोवर विसरलेला, शेजारी कोणी घेत नाही, म्हणून ती राहून गेली होती.

माझे मत विचाराल तर या दोन राज्यांच्या आकड्यांत पुष्कळ काही शिकण्यासारखे आहे. 'धार्मिक' या एका शब्दाखाली खरी श्रद्धा, भीती, ऐकीव माहिती, सवय आणि आळस असे सगळे जमा झालेले असते, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो.

अलीकडची वर्षे

२०१८ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमधील कर्मठ ज्यू वस्त्यांत गोवराची साथ सुरू झाली. बहुसंख्य रब्बींनी लस घ्यावी असेच सांगितले होते, पण लसीविरुद्धची पत्रके घरोघर पोहोचली होती. एकट्या न्यूयॉर्क शहरात ६४९ रोगी झाले. १३ जून २०१९ रोजी राज्याने धार्मिक सूट रद्द केली. त्या वेळी सुमारे २६ हजार मुले ती घेत होती. कॅलिफोर्नियाने, डिस्नेलँड करमणूक-उद्यानातून पसरलेल्या गोवरानंतर, श्रद्धेच्या आणि मताच्या कारणाने मिळणारी सूट २०१५ च्या कायद्यानेच काढली होती. मेन आणि कनेक्टिकट ही राज्येही त्याच वाटेने गेली.

वारे उलट दिशेनेही वाहते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाच्या आदेशाने मिसिसिपीला, ४४ वर्षांनंतर, धार्मिक सूट पुन्हा द्यावी लागली. या बाजूचा युक्तिवाद समजून घेण्याजोगा आहे. वैद्यकीय कारणाने सूट देता, म्हणजे काही मुले लसीविना असलेली तुम्हांला चालतात. मग श्रद्धेच्या कारणानेच का चालत नाही? शिवाय दुसऱ्याच्या शरीरात सुई टोचणे ही कर वसूल करण्यासारखी साधी गोष्ट नाही, आणि पालकांच्या श्रद्धेपायी मुलाला शाळेबाहेर ठेवले तर शिक्षा मुलालाच होते. यांतील शेवटचा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. पहिला तितकासा पटत नाही. कर्करोगाच्या मुलाला दिलेली सूट त्याचे आरोग्य राखण्यासाठी असते, आणि कायद्याचा हेतूही आरोग्य राखणे हाच आहे. श्रद्धेची सूट त्या हेतूच्या विरुद्ध जाते. शंभर मुलांच्या शाळेतील चार जागा आठवा.

आकडे सध्या कोठे आहेत? २०२४-२५ या शालेय वर्षात अमेरिकेतील शिशुवर्गाच्या ३.६ टक्के मुलांना कोणत्या ना कोणत्या लसीतून सूट होती, आणि गोवराच्या लसीचे प्रमाण ९२.५ टक्क्यांवर उतरले होते. आपल्या ९६ शी त्याची तुलना करा. टेक्सास राज्यातील गेन्स काउंटीत मेनोनाइट समाजाची मोठी वस्ती आहे, आणि तेथे शिशुवर्गातील जवळजवळ १८ टक्के मुलांनी सूट घेतली होती. जानेवारी २०२५ मध्ये गोवर तेथे पोहोचला. ऑगस्टमध्ये साथ संपल्याचे जाहीर झाले, तोवर राज्यात ७६२ रोगी झाले होते आणि शाळेत जाणारी, लस न घेतलेली दोन मुले मरण पावली होती.

आपल्याकडे शाळाप्रवेशासाठी अमेरिकेसारखी देशव्यापी सक्ती नाही. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रांत मोफत मिळते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून ती शाळाशाळांतून मोहीम काढून दिली गेली. तुमच्यापैकी पुष्कळांना तो दिवस, आणि वर्गातला रडण्याचा आवाज, आठवत असेल.

न्यूयॉर्कमधील अ‍ॅमिश शाळांचा खटला अजून मिटलेला नाही. आपल्या समाजाची मुले आपल्याच शाळांत शिकतात, म्हणून आम्हांला तरी सूट द्या, असे त्यांचे म्हणणे आहे. लस न घेतलेल्या मुलांना प्रवेश दिल्याबद्दल तीन शाळांना मिळून एक लाखाहून अधिक डॉलरचा दंड झाला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण फेरविचारासाठी त्याच न्यायालयाकडे परत पाठवले. वर्गात दोन गट करून हा खटला तुम्हीही चालवू शकाल. एका गटाने अ‍ॅमिश पालकांची बाजू मांडावी, दुसऱ्याने राज्याची. आणि १९७९ चा तो पोलिओचा प्रवास दोन्ही गटांनी नकाशावर आधी आखून घ्यावा.